हाताने चालवायची तीनचाकी सायकल देताना: कोल्हापूर परिसरातील मंडळे आणि देणगीदारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

उत्सवानंतर तालीम मंडळाकडे वर्गणी शिल्लक राहिली, कोणी वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ रक्कम बाजूला काढली किंवा एखाद्या कारखान्याचा सामाजिक निधी उपलब्ध झाला, की दिव्यांग व्यक्तींना तीनचाकी सायकली देण्याचा विचार सहज पुढे येतो. हा विचार मोलाचा आहे. जमिनीवरून सरकत किंवा घरच्यांच्या पाठीवर बसून बाहेर पडणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातांनी चालणारे वाहन मिळाले, तर दूध संस्था, रेशन दुकान, शाळा किंवा एसटीचा थांबा गाठण्यासाठी त्याला कोणाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही. पण सायकली आधी खरेदी करायच्या आणि नंतर त्यांच्यासाठी लाभार्थी शोधायचे, हा नेहमीचा क्रम बदलला पाहिजे. आधी माणूस पाहावा, मग त्याचा रस्ता, आणि त्यानंतर सायकल ठरवावी. जमलेल्या पैशांतील एक भाग पुढील काही वर्षांच्या दुरुस्तीसाठी पहिल्याच दिवशी वेगळा ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये कमी साधनांच्या प्रदेशांत व्हीलचेअर कशी पुरवावी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत गरजू व्यक्तीची नोंद, तपासणी, योग्य साधनाची निवड, पैसा आणि मागणी, साधनाची जुळवणी, व्यक्तीला बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखभाल असे आठ टप्पे सांगितले आहेत. खरेदी हा त्यांतील केवळ एक टप्पा आहे. तीनचाकी सायकलीलाही हेच टप्पे लागू पडतात, आणि पुढील मांडणी त्याच आधाराने, आपल्या जिल्ह्याचे रस्ते आणि हवामान लक्षात घेऊन केली आहे.

पहिले काम: गावातील बंद पडलेल्या सायकलींची पाहणी

नव्या सायकलींची मागणी नोंदवण्यापूर्वी निवडलेल्या गावांत फिरून, पूर्वी मिळालेल्या पण आज गोठ्यात किंवा परड्यात गंजत पडलेल्या सायकली पाहाव्यात. प्रत्येक बंद सायकलीपाशी थांबून ती का बंद पडली हे मालकालाच विचारावे. टायर कुजला आणि त्या मापाचा टायर जवळ मिळाला नाही, चेन तुटली, आरे सुटून चाक वाकडे झाले, ब्रेक कधीच नीट लागत नव्हता, किंवा सायकल चढावर हलतच नव्हती, अशी उत्तरे मिळतील. ही उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी असतात, कारण नवी सायकल कशी असावी हे त्यांतूनच कळते.

या पाहणीतून एक दुसरी गोष्टही हाती लागते. सांगाडा शाबूत असलेली जुनी सायकल टायर, ट्यूब, चेन, छर्रे आणि ब्रेक बदलून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा खर्च नव्या सायकलीपेक्षा खूपच कमी असतो, आणि त्या मालकाला ती चालवण्याची सवय आधीपासून असते. मंडळाची रक्कम लहान असेल, तर तिने फक्त दुरुस्तीचेच काम हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा फोटो आकर्षक येणार नाही, पण त्याच पैशांत कितीतरी अधिक माणसे घराबाहेर पडतील.

व्यक्तीची तपासणी

हाताने चालवायची सायकल प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला उपयोगी पडत नाही. पोलिओमुळे पायांतील बळ गेलेल्या, पण खांदे आणि पाठ मजबूत असलेल्या व्यक्तीसाठी ती फार चांगली असते. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे पोलिओमुळे अपंगत्व आलेली पिढी आता वयाने वाढत चालली आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे कुबड्या आणि हातांच्या जोरावर आयुष्य काढले, त्यांचे खांदे आता दुखू लागलेले असतात. अशा व्यक्तीला हाताची सायकल देणे म्हणजे दुखऱ्या खांद्यावर आणखी भार टाकणे होय. तिच्यासाठी बॅटरीवर चालणारी तीनचाकी अधिक योग्य ठरते, आणि ती केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या एडिप योजनेतून, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत मिळू शकते का, हे आधी पाहावे.

पाठीच्या मणक्याला इजा झालेल्या व्यक्तींच्या बाबतीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. झाडावरून किंवा बांधकामावरून पडल्याने, वाहनाच्या अपघाताने कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला बैठकीवर सतत पडणारा दाब जाणवत नाही. कडक बैठकीवर काही तास बसल्याने कुल्ल्यांवर जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि तिच्यातून होणारा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून संवेदना नसलेल्या व्यक्तीला दाब विभागणाऱ्या उशीशिवाय सायकल कधीही देऊ नये. उशी देताना त्या व्यक्तीला बसवून उशीखाली हात घालून पाहावा. हाड थेट हाताला टेकत असेल, तर ती उशी अपुरी आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलणे किंवा आळीपाळीने एका बाजूला झुकणे, आणि रोज रात्री आरशात किंवा घरच्यांकडून त्वचा तपासून घेणे, या गोष्टी सायकलीबरोबरच शिकवाव्या लागतात.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या अनेक व्यक्तींच्या हातांना संवेदना नसते. त्यांच्यासाठी सायकल फिरवण्याचा धातूचा उघडा दांडा धोक्याचा असतो, कारण उन्हात तापलेल्या दांड्याने तळहात भाजतो आणि घर्षणाने फोड येतात, तरी ते जाणवत नाही. त्या दांड्यावर जाड, मऊ आवरण किंवा लाकडी मूठ बसवणे आवश्यक आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या ज्या मुलांना धड सांभाळून बसता येत नाही, त्यांना उंच पाठ आणि पट्टे असलेली, मागून ढकलायची खुर्ची लागते. मधुमेहामुळे पाय काढावा लागलेल्या वयस्क व्यक्तीची नजर आणि हृदयाची स्थिती डॉक्टरांकडून समजून घ्यावी. एका हातात बळ नसेल, तर दोन हातांनी फिरवायच्या सायकलीऐवजी एका हाताने चालवायची रचना निवडावी.

ही तपासणी एखाद्या फिजिओथेरपिस्टने केलेली उत्तम. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात अथवा जिल्ह्यातील फिजिओथेरपी महाविद्यालयांत विनंती केल्यास अशी मदत मिळण्याची शक्यता असते. मात्र तज्ज्ञाइतकेच महत्त्व स्वतः चाकांवर आयुष्य जगणाऱ्या माणसांच्या अनुभवाला द्यावे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था कोल्हापुरातच आहे, आणि हुरजूक स्वतः व्हीलचेअर वापरतात. निवड समितीत अशा साधनांचा रोज वापर करणारी किमान एक व्यक्ती असलीच पाहिजे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. गावातून नावे मागवली, की यादीत पुरुषांची नावे आधी येतात. घरात बसून असलेल्या स्त्रीचे नाव अनेकदा कोणी सुचवतच नाही, कारण तिला बाहेर जाण्याची गरज आहे असे घरच्यांना वाटत नाही. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना गावातील प्रत्येक घर ठाऊक असते. त्यांच्याकडून नावे घ्यावीत आणि त्या स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलावे.

रस्ता आणि घर

कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके एकसारखे नाहीत. शिरोळ, हातकणंगले आणि कागलचा बराचसा भाग सपाट असून तेथे हाताची सायकल चांगली चालते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड येथील वाड्यावस्त्या उतारावर वसलेल्या असतात, पाऊस प्रचंड पडतो आणि लाल माती चिकट होते. तेथे सायकल सरसकट नाकारू नये, पण त्या व्यक्तीच्या घरापासून तिला जिथे जायचे आहे तिथपर्यंतचा रस्ता देणगीदाराने स्वतः पायी चालून पाहावा. कुठे चढ आहे, कुठे गटारावर फरशी नाही, कुठे सांडपाणी साचते, याची नोंद करावी. पुढच्या चाकाला चेन असलेली सायकल तीव्र चढावर किंवा चिखलात अडते, कारण चढावर वजन मागच्या चाकांवर जाते आणि पुढचे चाक जागीच फिरते. अशा रस्त्यावर मागच्या चाकाला चेन असलेली रचना अधिक बरी.

घराच्या बाबतीत दोनच प्रश्न विचारावेत. सायकल ठेवायला पावसापासून आडोसा आहे का, आणि ती व्यक्ती घरातून सायकलीपर्यंत कशी येणार? तीनचाकी सायकल सहसा उंबऱ्याच्या आत येत नाही. ओटा आणि बैठक साधारण एका उंचीवर असतील, तर हातांवर अंग उचलून सरकता येते. तसे नसेल, तर मध्ये एक भक्कम पायरी किंवा लाकडी फळी करून द्यावी. उतरण बांधायची असेल, तर एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी हे सर्वमान्य प्रमाण आहे. जागेअभावी अधिक तीव्र उतरण केल्यास ती एकट्याने चढता येत नाही. या कामासाठी ग्रामपंचायतीकडे जरूर जावे. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते, आणि ही मागणी लेखी केली, तर तिची दखल घेणे ग्रामपंचायतीला टाळता येत नाही.

मापे

व्यक्तीला सपाट, कडक बाकावर बसवून मापे घ्यावीत. कुल्ल्यांची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर, बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची आणि वजन नोंदवावे. बैठक कुल्ल्यांपेक्षा किंचितच रुंद असावी. ती फार रुंद असेल, तर माणूस एका बाजूला कलतो आणि कालांतराने पाठीचा कणा वाकडा होतो. बैठकीची कड आणि गुडघ्याची खोबण यांत दोन-तीन बोटे मोकळी राहावीत. पाय लोंबकळू नयेत. संवेदना नसलेला पाय चाकात किंवा रस्त्यावर घासला, तरी कळत नाही, म्हणून पाय ठेवण्याच्या फळीला कड आणि टाचेमागे पट्टा हवाच.

सर्वांत महत्त्वाचे माप फिरवण्याच्या दांड्याचे आहे. दांड्याचा मधला आस खांद्यापेक्षा थोडा खाली असावा. मूठ सर्वांत दूर गेली असता कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे आणि पाठ बैठकीला टेकलेली असली पाहिजे, तर मूठ जवळ आली असता ती छातीला किंवा पोटाला लागू नये. प्रत्येक फेऱ्याला पुढे झुकावे लागणारा माणूस अर्ध्या किलोमीटरमध्ये थकतो आणि पुढे सायकल वापरणे सोडून देतो. म्हणून बैठक मागेपुढे सरकवता येईल अशी भोके सांगाड्यात असावीत.

सायकलीची निवड

अमेरिकेतील मिसुरी राज्यात १९९० च्या दशकात, आफ्रिकेत काम करणाऱ्या एका मिशनऱ्याच्या विनंतीवरून, हाताने चालवायची एक साधी तीनचाकी गाडी तयार करण्यात आली. पुढच्या चाकाला हाताचा दांडा, मागे सामान ठेवण्याची जागा आणि पंक्चर न होणारी भरीव चाके, अशी तिची रचना होती. ‘पेट’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी स्वयंसेवक तयार करतात आणि आज मोबिलिटी वर्ल्डवाइड या नावाने काम करणारी संस्था ती गरीब देशांत विनामूल्य पाठवते. या रचनेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे सामानाची जागा. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणे, भाजी विकणे किंवा किराणा आणणे यांसाठी मागे किटली किंवा करंडी बसेल एवढी पेटी असली, तर सायकलीचा संबंध थेट कमाईशी जुळतो. दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता पाहून चाक निवडणे. भरीव चाक बाभळीच्या काट्यांच्या वाटेवर निर्धास्त ठेवते, पण ते जड असते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का पाठीपर्यंत पोहोचवते. डांबरी रस्त्यावर हवेचे टायरच चांगले.

टायर, आरे, छर्रे, चेन आणि फ्रीव्हील साध्या सायकलीच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचेच असावेत, ही अट खरेदीच्या करारात लिहून घ्यावी. परदेशी किंवा खास बनावटीचा एकही भाग असेल, तर तोच आधी मोडेल आणि सायकल कायमची उभी राहील.

दातचक्रांच्या प्रमाणाकडे खरेदी करताना सहसा कोणी पाहत नाही, पण सायकल हलकी वाटणार की जड, हे त्यावरच अवलंबून असते. हातांत पायांइतके बळ नसते. दांड्याचे आणि चाकाचे दातचक्र सारख्या दातांचे असेल, तर दांड्याच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा होतो, आणि २६ इंची चाक असल्यास गाडी सुमारे दोन मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यासाठी हे प्रमाण ठीक आहे. चढाच्या गावासाठी चाकाकडचे दातचक्र मोठे घ्यावे. वेग कमी होतो, पण गाडी चढते.

ब्रेक दोन हवेत: चालताना थांबण्यासाठी एक आणि उभी असताना गाडी जागेवर अडकवून ठेवण्यासाठी एक. दुसरा नसेल, तर सायकलीवर चढताना ती सरकते आणि माणूस पडतो. ताबा घेण्यापूर्वी सायकलीवर त्या व्यक्तीच्या वजनाएवढी पोती ठेवून ती उतारावर थांबवून पाहावी, आणि वळणावर मागचे चाक उचलले जाते का हेही तपासावे.

कोल्हापूरला याबाबतीत मोठी सोय आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे फौंड्री, लेथ आणि वेल्डिंगचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. एखाद्या कारखानदाराला चांगला नमुना आणि मापे दिली, तर प्रत्येक व्यक्तीसाठी बैठक आणि दांडा जुळवून सायकल तयार होऊ शकते, आणि पुढे वेल्ड तुटले, तर दुरुस्ती जवळच होते. मात्र एकदम सगळ्या सायकली बनवून घेऊ नयेत. दोन-तीन सायकली तयार करून त्या पावसाळ्यासह काही महिने वापरून घ्याव्यात आणि दोष सुधारल्यावरच पुढची मागणी द्यावी.

कागदपत्रे आणि पैसा

लाभार्थीकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) नसेल, तर ते मिळवून देणे हीसुद्धा मोलाची मदत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले जातात आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद लागते. एसटी प्रवासातील सवलतही याच कागदावर मिळते, त्यामुळे सायकलीने थांब्यापर्यंत आणि तेथून एसटीने तालुक्याला, असा प्रवास शक्य होतो. त्यासाठी सायकलीबरोबर एक मजबूत साखळी आणि कुलूप द्यावे.

देणगीदारांना आयकरातील ‘८०-जी’ सवलत हवी असेल, तर रक्कम नोंदणीकृत आणि पात्र संस्थेकडे द्यावी लागते. वस्तूच्या रूपाने दिलेल्या देणगीवर ही सवलत मिळत नाही, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख रकमेवरही नाही. म्हणून देणगीदाराने सायकल विकत घेऊन देण्याऐवजी संस्थेच्या खात्यावर रक्कम जमा करणे सोयीचे असते. एकूण निधीचा किमान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सायकल सुपूर्द करणे आणि शिकवणे

२६ जूनच्या शाहू जयंतीला किंवा ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी कार्यक्रम घेण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु जूनच्या अखेरीस दिलेली सायकल पश्चिमेकडील तालुक्यांत दसऱ्यापर्यंत आडोशालाच राहते, आणि शिकण्याचे पहिले दिवस वाया जातात. पाऊस उघडल्यानंतर, रस्ते वाळल्यावर सायकल देणे अधिक हिताचे आहे. त्याच काळात ऊसतोडणी सुरू होऊन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक वाढते, म्हणून सायकलीच्या मागे-पुढे आणि दोन्ही बाजूंना रेडियमच्या पट्ट्या आणि मागे उंच काठीवर भडक रंगाचा झेंडा लावावा.

लोकांना व्यासपीठावर रांगेने बसवून सायकलींचे वाटप करू नये. सायकल त्या व्यक्तीच्या घरी न्यावी, बसवून मापे पुन्हा जुळवावीत, आणि चढणे, उतरणे, वळणे, मागे घेणे, उतारावर वेग आवरणे, खड्डा ओलांडणे हे तिच्या रोजच्या रस्त्यावर शिकवावे. पडल्यावर पुन्हा कसे बसावे, हेही शिकवले पाहिजे, कारण कधी ना कधी तो प्रसंग येतोच. हवा भरणे, चेनला तेल देणे, नट आवळणे आणि पंक्चर काढणे त्या व्यक्तीने स्वतःच्या हातांनी करून दाखवल्यावरच शिक्षण पूर्ण झाले असे समजावे. सायकल तिच्या मालकीची आहे असे लेखी द्यावे. फोटो काढण्यापूर्वी परवानगी विचारावी, आणि देणगीदाराचे नाव पाठीमागे मोठ्या अक्षरांत रंगवू नये. माणसाला रोज दुसऱ्याच्या उपकाराची पाटी घेऊन फिरायला लावणे योग्य नाही.

देखभाल

प्रत्येक सायकलीबरोबर पाने, हवेचा पंप, पंक्चरचे साहित्य, एक ट्यूब आणि तेलाची बाटली द्यावी. गावात किंवा जवळच्या बाजारपेठेत सायकल दुरुस्ती करणारा एक कारागीर नेमून, त्याला मंडळाने वर्षाकाठी ठरावीक रक्कम द्यावी आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक सायकलीच्या पेटीवर लिहावा. पहिली भेट पंधरा दिवसांत द्यावी, कारण बैठक टोचणे, दांडा दूर वाटणे असे दोष तेव्हाच लक्षात येतात. त्यानंतर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर पाहणी करावी. संवेदना नसलेल्या व्यक्तीच्या भेटीत आधी त्वचेची चौकशी करावी आणि मग सायकलीकडे वळावे.

पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठावरील गावांसाठी एक वेगळी तरतूद करावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घरे सोडून जावे लागलेल्या गावांत, पाणी वाढू लागताच त्या व्यक्तीला आणि तिच्या सायकलीला कोण हलवणार, याचे नाव आधीच ठरलेले असावे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या सायकलीचे छर्रे काढून, रॉकेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरावे. नुसती वाळवून ठेवली, तर काही आठवड्यांत आस गंजतो.

लहान मुलांची मापे दरवर्षी पुन्हा घ्यावीत. मूल वाढले, की बैठक आणि दांडा जुळवून द्यावा, आणि ते शक्य नसेल, तेव्हा ती सायकल दुसऱ्या लहान मुलाला देऊन वाढलेल्या मुलाला मोठी द्यावी. या सर्व भेटी, दुरुस्त्या, बदललेले भाग आणि झालेला खर्च एका वहीत नोंदवावा. पुढच्या वर्षी नव्या सायकलींची मागणी देताना हीच वही कारखानदारासमोर उघडून ठेवावी.